पडून दाखवा म्हणणारा दादाराव

दादारावला मी उभा जन्म पाण्यात पाहिलं. आमच्या भागात प्यायला पाणी नसायचं, पण त्याला पाण्यात पाहायचं मी एक दिवस चुकवलं नाही.

माझी बायको हिरा गेल्या पौषात गेली. तेव्हापासून घरात बसून काही सुचत नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात हे लिहितोय. लिहायचं खरं तर तिच्यावर. पण तिच्यावर लिहायला बसलं की मधे हा माणूस येऊन उभा राहतो. म्हणून आधी त्याला लिहून बाजूला करतो.

येरमाळ्यापासून चार कोसांवर आमचं गाव. मी जातीचा लोहार. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर आमच्या घराण्यानं, असं बार्शीपर्यंतचे लोक म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी आधी बैल विकले. मग गाड्या उभ्या राहिल्या. मग लोकांनी चाकांच्या धावा उतरवल्या आणि माझ्या दारात आणून टाकल्या, की ठेव, कधी लागल्या तर बघू. दारात धावांचा ढीग आणि भात्याला काम नाही, अशी माझी गत. पुढंही दोन-चार वर्षं तशीच गेली. आणि अशात दादाराव गावात परत आला.

तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. तिथनं बोअरच्या मशीनवर मजूर लागला, तालुकेच्या तालुके हिंडला, आणि आला तो गॅस वेल्डिंग शिकून. सोबत बोअरच्या पाइपांचे उरलेसुरले तुकडे. बौद्धवाड्याच्या कडेला चार पत्रे टाकून त्यानं दुकान मांडलं. माणूस काळा, काटक, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. वेल्डिंगचा काळा चष्मा कायम कपाळावर. लग्नात जेवायला बसला तरी चष्मा कपाळावरच. आवाज हळू. सगळ्यांना अहोजाहो करायचा, शेळीलासुद्धा. "सरका बाई, भाजंल," असं तो शेळीला म्हणायचा. पाइप हातात आला की आधी नखानं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. काय ऐकायचा देव जाणे. मी घरी एकदा तसं करून बघितलं. मला टिचकीच ऐकू आली.

मला तो 'वस्ताद' म्हणायचा. मला वाटायचं टिंगल करतो.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. लोखंड म्हणजे लोहाराचं, हे आम्ही जन्मापासून ऐकलेलं. त्यात बौद्धवाड्यातल्या माणसानं हात घातला हे मला सोसलं नाही. जात काढली मी त्याची, एकदा नाही, अनेकदा. लिहायला लाज वाटते. पण माझ्या पोटात जे जळत होतं ते नुसतं जातीचं नव्हतं. हिरा कामाची पारखी होती. कुठल्याही वस्तूला हात लावून सांगायची की हे मनापासून केलंय आणि हे उरकलंय. तिनं एकदा माझं काम बघून म्हणावं, की हे दादारावपेक्षा सरस आहे. मला एवढंच पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

त्या सुमाराला दूध संघानं गावोगावच्या सुपरवायझरांना फटफट्या दिल्या. फटफट्या नव्या, रस्ते कुठले? काळ्या रानातल्या गाडीवाटा. चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्या उन्हानं वाळून दगडासारख्या झालेल्या. रोज कुणीतरी पडायचं. कुणाचा घोटा गेला, कुणाचा गुडघा. मग संघाच्या चेअरमननं ठरवलं की गाड्यांना गार्ड बसवायचे. म्हणजे इंजिनाच्या दोन्ही अंगांना लोखंडाची कमान. गाडी आडवी झाली तर आधी कमान टेकावी, पाय वाचावा.

गार्ड म्हणजे लोखंडाचं काम, म्हणजे माझं, असं मी धरून चाललो. भाता पुसून ठेवला. संघाची माणसं माझ्या दारावरनं फटफटी ढकलत नेत दादारावकडं गेली. रामराम घालून गेली, वर.

मी कुंपणाआडून बघायला जायचो. कबूल करतो.

त्याची रीत जगावेगळी होती. गार्ड पाहिजे म्हणून कुणी आलं की तो माप घ्यायच्या आधी म्हणायचा, "पडून दाखवा." छपरासमोर त्यानं जमीन नांगरून मऊ केली होती. आमच्याकडं चुनखडीला तोटा नाही. ती कुटून तिची भुकटी तो त्या मातीवर पसरायचा. गिऱ्हाइकानं गाडीवर बसायचं, इंजिन बंद. दोघांनी मागनं ढकलायचं आणि चुन्यावर आल्यावर गिऱ्हाइकानं पडायचं. मग दादाराव खाली बसून बघायचा, गाडी कुठं कुठं पांढरी झाली, माणूस कुठं पांढरा झाला. म्हणायचा, "लोखंड सगळ्यांचं एकच असतं. पडणं ज्याचं त्याचं येगळं."

चेअरमन स्वतः आले तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगानं भरलेले, पांढरं धोतर, टोपी.

दादाराव म्हणाला, "पडून दाखवा, साहेब."

"अरे, मी पडतच न्हाय," चेअरमन म्हणाले.

"मग गार्ड कशाला?"

भोवती जमलेली माणसं खाली बघायला लागली. चेअरमननी टोपी काढून एकाच्या हातात दिली, गाडीवर बसले आणि पडले. पोतं पडावं तसे. दादाराव त्यांच्याभोवती दोनदा फिरला. पांढऱ्या धोतरावर पांढरा चुना, काही दिसेना. म्हणाला, "साहेब, उद्या रंगीत काहीतरी घालून या." आणि चेअरमन दुसऱ्या दिवशी पोराची निळी विजार घालून आले! पुन्हा पडले! चेअरमनपुढं मान वर करून बोलायची गावात कुणाची छाती नव्हती, त्यांना दोनदा पाडणारा माणूस हा एकच.

त्याच्या खिशात सुतळीचा गुंडा असायचा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायचं आणि गाठ मारायची. सगळ्यांची मापं एकाच सुतळीवर. "ही गाठ चेअरमनची, ही येरमाळ्याच्या सुपरवायझरची." कधी चुकला नाही. काही लोक सोलापुरातनं चकचकीत मुलामा दिलेले गार्ड आणून दाखवायचे. त्यांना तो विचारायचा, कुठल्या रस्त्यानं जाता, मागं दुधाचे कॅन किती, पायात काय घालता. हँडलपेक्षा रुंद गार्ड नको, चाकोरीत अडकतो. लई खाली नको, दगडाला लागतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गार्ड वाकला पाहिजे. "गार्ड वाकला की चला, पाय शाबूत हाय म्हणायचं. गार्ड सरळ राहिला की बघा, वाकलंय काय दुसरं."

हे शेवटचं मी कुंपणाआडनं ऐकलं आणि मनात हसलो. वाकणारं लोखंड विकतो आणि लोक घेतात! आमच्या घराण्यात वाकलेली वस्तू बापानं परत भट्टीत घातली असती.

हिराचा धाकटा भाऊ नामा संघात लागला. त्यालाही फटफटी मिळाली. हिरा म्हणाली, "दादारावभाऊंकडं पाठवू का त्याला?"

मी म्हणालो, "मेव्हणा माझा, आणि गार्ड दुसऱ्याचा? गावात तोंड दाखवू का नको म्या?"

"तोंडाचं न्हाय म्हणत मी. पायाचं म्हणते."

मी ऐकलं नाही. ढिगातली एक चांगली धाव काढली. दोन बोटं रुंद, अर्धं बोट जाड, पिढ्यान्पिढ्या गाड्या पेललेलं लोखंड. तापवलं, घणानं कमान पाडली, चार जाड बोल्टांनी गाडीला आवळली. दिसायला अशी, की वाटावं किल्ल्याच्या दरवाजाची आहे. नामाला म्हणालो, आता डोंगराला धडक. तो बिचारा म्हणाला, दाजी, हँडल जड लागतंय. मी म्हणालो, सवय होईल.

आता कळतं ते तेव्हा कळलं नाही. बैलगाडी पडत नसते. आमच्या सात पिढ्यांनी पडणाऱ्या वस्तूसाठी कधी लोखंड घडवलंच नव्हतं.

पंधरा दिवसांत नामा पडला. नाल्याच्या उतारावर माझ्या कमानीची कड चाकोरीत रुतली आणि गाडी तिच्यावरच पालथी झाली. मेंढपाळानं गावात येऊन सांगितलं. मी धावलो, दादाराव माझ्याआधी पोचला होता. नामाचा पाय कमानीत आणि इंजिनात अडकलेला, दूध मातीत सांडलेलं, आणि तो गुरासारखा ओरडत होता. मी, दादाराव आणि तो मेंढपाळ, तिघांनी पहार घालून कमान वाकवायला बघितली. हलली नाही. तीन माणसांना माझं लोखंड वाकलं नाही. आणि तिथं, मेव्हणा ओरडत असताना, मला एक क्षणभर अभिमान वाटला. देवानं मला कुठल्या मातीचा केला कोण जाणे.

दादाराव लोखंडाशी भांडलाच नाही. गुडघ्यावर बसला, हातानं खालची माती उकरली, खिशातला पाना काढून पाय ठेवायच्या दांडीचा नट सोडवला आणि पाय अलगद बाहेर घेतला. घोटा मोडलेला होता. गाडीच्या सांगाड्याची पुढची नळी वाकलेली. कमान जशीच्या तशी.

हिरा मला एक शब्द बोलली नाही. ती कमान मात्र तिनं घरी आणवली, परसात पालथी घातली आणि तिच्यावर पाण्याचा रांजण ठेवला. "चांगला बसलाय. हलायचा न्हाय," एवढंच म्हणाली. शेजारणींना दाखवायची, की आमच्या ह्यांनी केलंय. आता वाटतं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्यानं तिनं नामाला कुणाच्या तरी बैलगाडीत घातलं, फटफटी मागं बांधली आणि सरळ दादारावच्या छपराला गेली. मला न विचारता. मला कळलं तसा मी तणतणत मागं गेलो. बघतो तर ही त्याच्या बाजेवर बसलेली, हातात त्यांच्या घरचा कप, आणि चहा पितेय. माझी नजर त्या कपावर. दादाराव उठला, म्हणाला, "या वस्ताद, घोटभर चहा घ्या."

मी म्हणालो, "म्या बाहेरचं पीत न्हाय."

हिरा तिथनंच म्हणाली, "मग काल येरमाळ्याला हॉटेलात पिलात तो काय आईनं पाठवला व्हता?"

नामा एवढा मोडलेल्या पायाचा, तोही फसकन हसला.

आता पडून दाखवायला नामाला येईना. दादारावनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "वस्ताद, तुमी नामाच्याच अंगाचे. तुमी पडा."

मी नाही म्हणणार होतो. पण हिरा बघत होती. चेअरमन दोनदा पडले आणि मी एकदा पडू शकत नाही, असं होऊन चालणार नव्हतं. बसलो. ढकललं. चुन्यावर आलो आणि हँडल काही सोडवेना. धरूनच आडवा झालो. अर्धं तोंड चुन्यात, एक मिशी काळी, एक पांढरी.

हिरा हसली.

आमच्या घरात बायकांनी मोठ्यानं हसायची रीत नव्हती. बापाला चालायचं नाही, बाप गेल्यावर मीही तेच चालू ठेवलं. ती ओठ मिटून हसायची, कधी हसलीच तर. त्या दिवशी पदर तोंडात कोंबून, पोट धरून, बाजेवर आडवी होऊन हसली. कपातला चहा लुगड्यावर सांडला. डोळ्यांतनं पाणी. "आगं माय, मिशी बघा, मिशी," म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या घरात नाही, दुसऱ्याच्या अंगणात.

दादाराव हसला नाही. तो वाकून गाडी बघत होता. "वस्ताद हँडल सोडत न्हाईत," स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, "आन पडताना पाय आत घेतात. म्हणजे आत पावलाएवढी जागा पायजे." माझ्या पावलाला सुतळी लावली. गाठ मारली. माझी गाठ त्याच्या सुतळीवर.

नामाला त्यानं पाइपाचा गार्ड करून दिला. नामा पुढं त्याच गाडीवरनं चार-पाच वेळा पडला असेल. गार्ड दर वेळी वाकायचा, दादाराव तापवून सरळ करायचा. नामाचा पाय पुन्हा मोडला नाही.

मग मी ठरवलं की पाइप आपणही वाकवायचा. कुंपणाआडनं मी बघितलं होतं, तो पाइपात वाळू भरतो, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकतो आणि तापवून वाकवतो. वाळूमुळं पाइप चपटत नाही. एवढं तर सोपं. नदीला पाणी नव्हतं पण झऱ्याजवळची वाळू मिळाली, ओलसर, मऊ. गच्च भरली. खुंट्या ठोकल्या. भट्टीत घातला. भाता चार वेळा मारला असेल नसेल, बंदुकीसारखा आवाज झाला आणि एक खुंटी पत्र्यातून आरपार आभाळात गेली. शेजारच्यांचं कोंबडं तीन दिवस आरवलं नाही.

हिरा चुलीपुढून उठलीही नाही. आतनं म्हणाली, "दादारावभाऊ वाळू आधी कढईत भाजून घेतात. ओल राहिली की वाफ धरती."

मी तसाच दारात. "तुला कसं माहीत?"

"इचारलं."

"आन त्यानं सांगितलं?"

"इचारलं की सांगतात त्ये."

मी किती वर्षं कुंपणाआड उभा राहिलो, काटे टोचून घेतले. ही सरळ गेली आणि विचारून आली. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. ती दोघं वाळूबद्दल बोलली, भाजलेली वाळू हातावर घेऊन बघितली असेल तिनं, बोटांनी चोळली असेल. तिच्या चालीबद्दल शंका म्हणाल तर मला कधी आली नाही, त्याच्याबद्दलही नाही. ते असतं तर सोपं होतं, माणूस भांडून मोकळा होतो. दोघांना चांगलं काम आवडायचं, एवढंच होतं त्यांच्यात. आणि त्यात मी नव्हतो.

पुढं डांबरी रस्ते झाले, कारखान्याचे गार्ड गाडीबरोबरच यायला लागले. दादाराव धाराशिवला गेला, तिथं ग्रिल-दरवाज्यांचं काम धरलं. मी नांगराचे झिजलेले फाळ शेवटवत, म्हणजे ठोकून पुन्हा टोक काढत राहिलो. दिवाळीला तो एकदा यायचा, हिरा त्याला चिवडा द्यायची आणि विचारायची, नवीन काय केलंत. तो सांगायचा. मी परसात जाऊन काहीतरी ठोकत बसायचो. घण जरा मोठ्यानंच मारायचो.

हिरा गेली त्याच्या पाचव्या दिवशी तो आला. त्याची सत्तरी ओलांडलेली, तरी फटफटीवरनंच. तोवर मी रडलो नव्हतो. लोक कुजबुजत होते, म्हातारं दगड आहे. दादाराव उतरला, गाडी भिंतीला टेकवली, दारात आला आणि उभ्यानं रडला. आवाज करून, पोरासारखा, नाक पुसत. मला राग आला. माझी बायको, मला रडू येईना आणि ह्याला कसं आलं? मी म्हणालो, "दादाराव, माझी बायको होती ती."

तो म्हणाला, "तुमचीच व्हती की, वस्ताद. म्हणून तर तुमच्या दारात येऊन रडतोय. दुसरीकडं कुठं जाऊ?"

मी त्याला आत घेतला. जे उभ्या जन्मात विचारलं नव्हतं ते विचारलं. "दादाराव, तुम्ही खरं सांगा. हिरा कधी म्हणाली का, माझं एखादं काम तुमच्यापेक्षा बरं झालंय म्हणून?"

त्यानं डोळे पुसले, विचार केला. घाई केली नाही.

"न्हाय, वस्ताद," म्हणाला. "तसं कधी म्हणल्या न्हाईत." मग जरा थांबून, "खोटं सांगू का?"

"नको."

मी चहा केला. तो पिला आणि म्हणाला, साखर लई झाली. मी म्हणालो, मापच कळत नाही, ती करायची. मग आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू. ऊन भिंतीवर चढलं तसा तो उठला. मी म्हणालो, "बसा की. आता काय काम आहे तुम्हाला? सून भाकरी टाकते, जेवून जा."

तो चपला पायात सारत होता. "न्हाय वस्ताद, निघतो. येळ झाला की आमची कारभारीण दारात येऊन उभी राहती. मी दिसल्याबिगर आत जात न्हाय. पाय दुखतेत तिचे."

मी बाहेर आलो. त्यानं तीन किका मारल्या, गाडी लागेना. मी मागनं हात लावला आणि ढकलली. दहा-बारा पावलांवर लागली. वेशीजवळ म्हशी आडव्या आल्या, तिथं तो एक पाय टेकवून थांबला, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. म्हशी सरायच्या आतच त्यानं कडेच्या फटीतनं गाडी घातली. त्याला घरी जायची घाई होती.